माझ्या पायाखालचा ब्रेक

३ मार्च, सोमवार

या वहीची पहिली दोन पानं मी फाडली. पहिल्यावर शाईचा डाग पडला, दुसऱ्यावर तारीख तिरकी आली. हे म्हणाले, "अगं, दैनंदिनी आहे ती, लग्नपत्रिका नव्हे." मी म्हटलं, सुरुवात तरी नीट असावी. त्यावर हे नेहमीप्रमाणे चहा टाकायला निघून गेले.

तर सुरुवात. बत्तीस वर्षं मी औषधाच्या काचेच्या कुप्या तपासल्या. पांढऱ्या दिव्यासमोर कुपी धरायची, बोटांत फिरवायची, बुडबुडा, रेघ, चीर, काही म्हणजे काही दिसलं की लाल खोक्यात. कारखान्यात पाठीमागे मला 'नापासबाई' म्हणतात हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. राग आला नाही कधी. माझ्या हाताखालून गेलेली एकही कुपी परत आलेली नाही, आहे का कुणाची छाती हे म्हणायची?

आणि आजपासून मी गाडी शिकवणारी बाई. वय सत्तावन्न. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः गाडी शिकले, तेव्हाच ड्रायव्हिंग शाळेची मालकीण म्हणाली होती, "ताई, तुमच्यासारखं स्वच्छ चालवणारं माझ्याकडे दुसरं कुणी नाही. शिकवायला या." हो म्हणायला मी पाच वर्षं घेतली. शिकवण्याच्या परवान्याची परीक्षा दिली, शंभरात अठ्ठ्याण्णव आले. पुन्हा दिली. शंभर आले, मग मालकिणीकडे गेले. ती म्हणाली, "अहो, साठला पास होतात!" मी म्हटलं, मला माहीत आहे.

कारखान्याने दोन महिन्यांची रजा दिली आहे. साहेब म्हणाले, "तीस एप्रिलला दुपारी बारापर्यंत कळवा. येणार असाल तर जागा तुमचीच. नाहीतर राजीनामा पाठवा." ह्यांनी विचारलं, एवढं सगळं कशासाठी? ह्यांना मी काही सांगितलं नाही, इथे लिहिते. आयुष्यभर मी नापास करत आले. मला एकदा तरी कुणाला पास करायचं आहे.

७ मार्च, शुक्रवार

गाडीत दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याचा, दुसरा माझ्या पायाखाली. मी माझा दाबला की डॅशबोर्डखालून एक बारीक कर्कश शिट्टी वाजते, म्हणजे शिकणाऱ्याला कळावं की गाडी त्याने नाही, बाईंनी थांबवली. परीक्षेत परीक्षक माझ्या जागी बसतो आणि तो ब्रेक त्याच्या पायाखाली जातो. शिट्टी वाजली की खेळ खलास.

माझ्या तासाला ही शिट्टी जरा जास्तच वाजते. पण मी काय करू? समोरून ट्रक येतोय आणि हा बँकेतला कारकून आरशात केस बघतोय!

१४ मार्च, शुक्रवार

तीन जण सोडून गेले. कारकून जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही चालवा, मी बाजूला बसून शिट्टी वाजवतो."

मालकिणीने आत बोलावलं. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, पण तिच्यासमोर मी शाळकरी पोरीसारखी उभी राहिले. "ताई, एका तासात एकतीस शिट्ट्या. मी नाही मोजल्या, ती शेवटची सोडून गेली ना, त्या पोरीने मोजल्या आणि वडिलांना सांगितल्या." मी म्हटलं, एकतीसही वेळा माझं बरोबर होतं. ती म्हणाली, "असेल. पण त्यांना शिकायचंय, तुम्हाला नाही." आणि मग, "आणखी एकजण देते. या टिकल्या पाहिजेत, ताई."

घरी आले तर ह्यांनी कप धुऊन ठेवले होते. दोन कपांना आतून चहाचा डाग. मी पुन्हा धुतले. हे बघत उभे राहिले, मग फडकं खुंटीला लावून झोपायला गेले. थकले असतील.

१८ मार्च, मंगळवार

नवी शिकाऊ. एकोणपन्नास वर्षांची, व्यवसायाने सुईण. चोवीस वर्षं इस्पितळाच्या प्रसूती विभागात काढली, आता घरोघर, लांबच्या वस्त्यांवर जाऊन बायकांची बाळंतपणं करायची आहेत. आरोग्य खात्याची गाडी मिळणार, पण एक मेला परवाना हातात पाहिजे. नसला तर जागा दुसरीला. हे तिने पट्टा लावता लावता सांगून टाकलं. मी तिला सुईणबाई म्हणते, ती मला नुसतं बाई.

"सगळे म्हणतात, या वयात कशाला?" ती म्हणाली. "मी म्हटलं, चोवीस वर्षं इतरांना 'जोर लाव, जोर लाव' म्हणत आले, आता जरा स्वतःला म्हणून बघते."

मला ती आवडली. चालवते मात्र भयंकर. चौदा शिट्ट्या. प्रत्येक शिट्टीला दचकून स्टिअरिंग सोडते! शेवटी गाडी कडेला घेऊन म्हणाली, "बाई, हिने माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या खोलीत कुणी अशी शिट्टी वाजवली असती ना, तर बाळ परत आत गेलं असतं."

हसले मी. पण तिने घड्याळ पाहिलं. हीही जाणार, असं वाटून गेलं.

१९ मार्च, बुधवार

आज तासाआधी डॅशबोर्डखाली वाकून शिट्टीच्या तारेचं टोक काढून ठेवलं. तार कापली नाही. टोक सोडवलं, वर चिकटपट्टी गुंडाळली, बाजूच्या तारांमागे नीट खोचलं. स्वच्छ काम. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तिची भीती गेली की पुन्हा जोडीन.

मालकिणीला सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला कशाला त्रास.

२५ मार्च, मंगळवार

काय सांगू! सुईणबाई फुलासारखी गाडी चालवते आहे. चौक, चढ, उजवं वळण, कुठे धक्का म्हणून नाही. ती ब्रेकवर हलकेच पाय ठेवते, उरलेला दाब मी माझ्या पायाने देते. इतका अलगद, की तिला कळतही नाही. तिच्या पायाला माझा पाय जोडीला. ती खूश, मी खूश. आज तासाच्या शेवटी म्हणाली, "बाई, मला वाटलं नव्हतं मला जमेल. नुसता पाय टेकवला तरी थांबते हो गाडी!"

मालकिणीने खिडकीतून आम्हाला गाडी लावताना पाहिलं. "ताई, जादू केलीत." बत्तीस वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. कुपी चांगली असली तर तिचं कौतुक कोण करतं?

परीक्षेची तारीख घेतली, ९ एप्रिल. खरं तर लवकरची आहे. पण एकही दोष नसलेला शिकाऊ मला एकदा परीक्षकासमोर उभा करायचाच आहे.

३ एप्रिल, गुरुवार

सिग्नलला उभ्या होतो. शेजारी दुसऱ्या शाळेची पिवळ्या पाटीची गाडी येऊन थांबली. स्टिअरिंगवर माझी लेक.

तीच. तो निळा स्कार्फ मीच दिलेला. दात ओठावर दाबून समोर बघत होती, लहानपणी सुई ओवताना बघायची तशी. हिरवा लागला, तिची गाडी दोन गचके खाऊन बंद पडली. मागचे भोंगे. शेजारच्या बुवाने तिला काहीतरी सांगितलं आणि ती चक्क हसली! बंद पडलेल्या गाडीत, चौकाच्या मधोमध, हसली.

स्वतःची आई गाडी शिकवते आणि ही परक्याकडे जाते?

सुईणबाई म्हणाली, "बाई, हिरवा झालाय. जाऊ ना?" मी भानावर आले.

४ एप्रिल, शुक्रवार

ह्यांना विचारलं. ह्यांना माहीत होतं! जानेवारीपासून! "तिनेच म्हटलं होतं, आईला सांगू नका."

"का?"

"तिलाच विचार की."

"मी तुम्हाला विचारतेय."

हे गॅसपाशी जाऊन पातेल्यात चमचा फिरवत बसले. पातेल्यात नुसतं पाणी होतं.

मला वाटतं, तिला परवाना मिळवून मला एकदम चकित करायचं असेल. ती तशीच आहे, मनातलं मनात ठेवणारी. मागे नव्या घराला तिने पडदे शिवले होते, शिवण वाकडी होती, मी दोन दिवस बसून सगळे उसवून नीट शिवून दिले. तेव्हापासून तिने घरी बोलावलेलं नाही. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीतून वेळ मिळत नसेल. आणि बोलावलं तर जेवण वगैरे करावं लागतं, तेही खरं.

तिला फोन करून काही विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

८ एप्रिल, मंगळवार

उद्या परीक्षा. आज शेवटचा तास अगदी निर्दोष. तारेचं टोक परत जोडायला वाकले होते, पण सुईणबाई लवकर आली. आता एका दिवसासाठी कशाला, परीक्षकाला ब्रेक दाबायची वेळच येणार नाही.

९ एप्रिल, बुधवार

अक्षर वाईट येतं आहे, येऊ दे.

परीक्षक पुढे बसला, मी मागच्या बाकावर. सरळ रस्ता ठीक. पहिलं वळण ठीक. गाडी थोडी जास्त पुढे जाते आहे, हे मला दुसऱ्या वळणालाच कळायला हवं होतं. मग उतार, उताराच्या तळाशी पांढरी थांबरेषा, पुढे मोठा रस्ता. सुईणबाईने नेहमीसारखा पाय टेकवला. नुसता टेकवला. मी मागच्या बाकावर पायाखालची चटई जिवाच्या आकांताने दाबत होते.

गाडी थांबली नाही. रेषा ओलांडली. डावीकडून टँकर. परीक्षकाने ब्रेक मारला, आम्ही तिघंही पुढे आपटलो आणि टँकर भोंगा वाजवत नाकासमोरून गेला.

कुणाला लागलं नाही. हे मी तीनदा लिहून ठेवते. कुणाला लागलं नाही. कुणाला लागलं नाही.

परीक्षकाने खाली पाहिलं. ब्रेक पुन्हा दाबला. परत दाबला. "याची शिट्टी कुठे गेली?"

आणि सुईणबाई, पांढरीफटक, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून म्हणाली, "ती आधी वाजायची, साहेब. नंतर मी सुधारले ना, म्हणून बंद झाली."

मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परीक्षकाने वाकून चिकटपट्टी शोधून काढली. "हे कोणी केलं?" मी मागे बसले होते. तोंड उघडलं होतं मी, हे खरं आहे. आवाज आला नाही, हेही खरं आहे.

१० एप्रिल, गुरुवार

परीक्षा कार्यालयाची लेखी नोटीस आली. आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर शाळेचा परवाना स्थगित. मालकिणीने गॅरेजवाल्याला फोनवर उभं आडवं घेतलं. "मागच्या महिन्यात गाडी तुमच्याकडे होती! माणसं मेली असती माझी!" म्हातारा गॅरेजवाला तासाभरात स्वतः आला, घामाघूम. "आईशप्पथ सांगतो, मी हात लावलेला नाही. चिकटपट्टी मी अशी गुंडाळतच नाही, इतकं नाजूक काम मला येतच नाही."

इतकं नाजूक काम. मी शेजारच्या टेबलावर वेळापत्रक लिहीत होते. एका चौकटीत तास लिहायच्या ऐवजी मी माझंच नाव लिहिलं.

मालकीण मला म्हणाली, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

११ एप्रिल, शुक्रवार

आजारी आहे असं कळवलं. ताप नाही. तीनदा पाहिला.

कारखान्यात परत जावं. तिथे दिवा असतो, कुपी असते, चूक काचेत असते.

१३ एप्रिल, रविवार

लेक जेवायला आली होती. महिन्यातून एकदा येते, कर्तव्य असल्यासारखी. आम्ही तिघं जेवत होतो. ह्यांनी विचारलं, "मग, त्या सुईणबाईंचं काय झालं परीक्षेचं?" आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. मी ठरवलं नव्हतं. तार, चिकटपट्टी, तिच्या पायाला जोडलेला माझा पाय, टँकर, गॅरेजवाल्याचा घाम. एकदा सुरू झाल्यावर थांबवता येईना.

लेकीचा घास हातातच राहिला. "तू? तू चुकलीस?"

"हो."

"आणि परीक्षकाने विचारल्यावर काय केलंस?"

"गप्प बसले."

मला वाटलं ती आता ऐकवणार. ऐकवण्यासारखं खूप असेल तिच्याकडे. पण ती माझ्याकडे कुणी नवीन बाई बघावी तशी बघत राहिली. मग विचारलं, "भीती वाटते आहे का तुला?"

"फार."

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "मलाही वाटते," म्हणाली. कशाची ते बोलली नाही, आणि तिच्या गाडीचं मी विचारलं नाही. ह्यांनी पाणी वाढायच्या निमित्ताने दोनदा डोळे पुसले. नंतर लेकीने भांडी धुतली. मी बाहेरच बसले.

१४ एप्रिल, सोमवार

सांगितलं.

सकाळी मालकिणीला. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते खाली ठेवलं. "चार दिवस," ती म्हणाली. "चार दिवस तुम्ही त्या म्हाताऱ्याला माझ्याकडून शिव्या खाऊ दिल्यात." मी म्हटलं, हो. "मी तुम्हाला ताई म्हणते." मी म्हटलं, हो. तिने परीक्षा कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं, त्यात माझं नाव. मी म्हटलं, माझ्याच अक्षरात लिहू द्या. लिहिलं. गॅरेजवाल्याकडे चालत गेले, हात जोडले. त्याने स्टूल दिलं बसायला, त्याचंच जास्त लागलं.

दुपारी सुईणबाई कागदपत्रं परत न्यायला आली. तिला वाटत होतं तिचंच काहीतरी बिघडलं, ऐनवेळी पायाने दगा दिला. मी सांगितलं.

"म्हणजे मी चालवतच नव्हते?"

"निम्मी तुम्हीच चालवत होता."

"निम्मी कुठली? सांगा ना. चौक माझा का तुमचा? चढ माझा का तुमचा?"

मला सांगता येईना. खरंच येईना, ते आता मलाही वेगळं करता येत नाही.

"पन्नाशीला आल्यावर मला वाटलं होतं, एक नवीन गोष्ट आली मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. "वॉर्डातल्या सगळ्या पोरींना सांगितलं होतं मी. नुसता पाय टेकवते आणि थांबते, असं सांगितलं होतं. शिट्टी वाजवली असतीत तर काय, घाबरले असते, एवढंच ना? घाबरू द्यायचं होतंत मला."

कागद घेऊन गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मालकिणीने संध्याकाळी निरोप दिला: परीक्षा कार्यालयातल्या साहेबांशी फोनवर बोलणं झालं, माझ्या परवान्यावर ताकीद नोंदवणार, आणखी एक चूक आणि परवाना रद्द. आणि तिचा स्वतःचा निरोप: "तीस तारखेपर्यंत सुईणबाई परत आल्या आणि पास झाल्या तर बघू. नाहीतर ताई, तुमचा कारखानाच बरा."

१७ एप्रिल, गुरुवार

आली! शाळेच्या दारात उभी, पर्स दोन्ही हातांत धरून.

"माफ वगैरे केलं असं समजू नका. तीन शाळांत विचारलं, मेपर्यंत कुठेच जागा नाही. परीक्षेची तारीख मिळाली आहे, एकोणतीस. आता अटी ऐका. शिट्टी जोडायची. मी विचारल्याशिवाय तुम्ही बोलायचं नाही. आणि पाय त्या ब्रेकवर ठेवायचाच नाही, बाजूला ठेवायचा. जीव जायची वेळ आली तरच उचलायचा."

तार मी तिच्यासमोर जोडली. तिने स्वतः वाकून ब्रेक हाताने दाबून पाहिला. शिट्टी वाजली. दोघीही दचकलो.

१८ एप्रिल, शुक्रवार

अकरा शिट्ट्या. त्यातल्या नऊ बिनकामाच्या, मीच मोजल्या. तोंड बंद ठेवायचं म्हणून गालाचा आतला भाग चावत होते, आता जेवताना झोंबतं आहे. ती रेषेच्या पुढे थांबते, मागे थांबते, रेषेवर मात्र एकदाही नाही. गाडी सहा वेळा बंद पडली. हे सगळं महिन्यापूर्वीच व्हायला हवं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

सहा.

माझा पाय आपोआप उठतो. मी ठरवते, आणि तो उठतो! आज डाव्या पायाने उजवा पाय दाबून धरला होता. सुईणबाईने तिरक्या नजरेने पाहिलं. "बाई, लघवीला थांबायचंय का?" चौदा तारखेनंतरची पहिली थट्टा. मला रडूच आलं, खिडकीकडे बघितलं.

२४ एप्रिल, गुरुवार

एकच शिट्टी.

गल्लीच्या तोंडातून सायकलवाला सटकन बाहेर आला. तिने ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, खाडकन. मीही दाबला. शिट्टी. गाडी सायकलपासून हातभर अंतरावर थांबली. सायकलवाल्याने आम्हा दोघींच्या खानदानाचा उद्धार केला आणि गेला.

तिने हँडब्रेक ओढला. मग ती म्हणाली, "आधी कोण?"

मी खरं सांगितलं. "तुम्ही. मी नंतर."

"नक्की?"

"नक्की. खोटं सांगायची सोय राहिलीय का माझी?"

तिने मान हलवली, गाडी सुरू केली. पुढचा सगळा तास कुणी बोललं नाही. तो तास मला आवडला.

२८ एप्रिल, सोमवार

उद्या परीक्षा. परवा बारा वाजेपर्यंत कारखान्याला उत्तर. साहेबांचा फोन येऊन गेला, "तुमच्या जागेवर बसवलेली मुलगी सगळंच पास करते हो, या लवकर."

ती अजून चुकते. गाडी मागे घेताना चाक कडेला घासतं, गिअर कचकन पडतो, चौकात दोन क्षण जास्त थांबते. कुपी असती तर लाल खोक्यात. मी आज दुपारी परीक्षा पुढे ढकलण्याचा अर्ज लिहायला बसले होते, दोन ओळी लिहिल्याही. मग कुणासाठी ढकलते आहे ते लक्षात आलं. फाडला.

२९ एप्रिल, मंगळवार

तोच परीक्षक. माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिट्टी?" आणि ब्रेक दाबून पाहिला. वाजली.

मी मागच्या बाकावर. पाय सीटखाली आडवे घातले आणि एकमेकांत अडकवले. पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. एक. तिने सुरू केली. गिअर कचकन. दोन. परीक्षक लिहीत होता, त्याच्या पेनाचा आवाज मला ऐकू येत होता. मागे घेताना चाक घासलं. तीन. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं. चार, इंडिकेटर उशिरा.

मग तोच उतार.

वेग जास्त होता. "ब्रेक" हा शब्द माझ्या घशापर्यंत आला आणि परीक्षकाचा पाय उचलला गेलेला मला दिसला. आता दाबतो. आता वाजते. सुईणबाई उजव्या पायाने ब्रेक दाबत होती, पूर्ण, गुडघ्यापासून, तिच्या मानेची शीर ताठ झालेली मागून दिसत होती. गाडी कुरकुरत थांबली. पुढचं चाक रेषेच्या वीतभर अलीकडे. परीक्षकाचा पाय तसाच हवेत होता. त्याने तो खाली ठेवला, ब्रेकवर नाही, बाजूला.

पाचवी चूक चौकात, सहावी गाडी लावताना. आठपर्यंत चालतात. पास.

ती गाडीतून उतरली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली. मला म्हणाली, "सहा चुका." मी म्हटलं, "सगळ्या तुमच्याच." तेव्हा ती हसली, आणि तिथेच, परीक्षा कार्यालयाच्या आवारात, तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. मालकिणीला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या दहाला नवीन मुलगी आहे. वेळेवर या."

३० एप्रिल, बुधवार

परीक्षेच्या मैदानाबाहेर, गाडीत बसून लिहिते आहे.

दहाचा तास आटोपून घरी आले आणि पावणेबाराला साहेबांना फोन केला. राजीनामा पाठवते म्हटलं. ते म्हणाले, "बाई, या वयात? नीट विचार केलात ना?" मी म्हटलं, नीट नाही केला. केला असता तर आणखी पाच वर्षं गेली असती.

फोन ठेवला आणि पुन्हा वाजला. वाटलं, साहेबच. लेक होती. आधी नुसता श्वास ऐकू आला, मग हुंदका. "आई, मी नापास झाले. गाडीच्या परीक्षेत. तिसऱ्यांदा."

माझ्या तोंडावर आलं होतं: तिसऱ्यांदा? कुठे चुकलीस? ब्रेक उशिरा दाबलास का? बत्तीस वर्षांची सवय, इतक्यात थोडीच जाते. गिळलं सगळं. विचारलं, "कुठे आहेस?"

"मैदानाच्या फाटकाशी. सगळे बघताहेत."

"बाबांना कळवलंस?"

"नाही. आधी तुलाच केला."

तिच्या मैत्रिणी आहेत, तो पिवळ्या पाटीचा हसवणारा बुवा आहे, बाप आहे, जो तिला कधी एका शब्दाने बोलला नाही. एवढी माणसं सोडून मला का, ते माझ्या डोक्यात शिरत नाही. विचारणार नाही. आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, नाक पुसलं, आणि हातातला चुकांचा कागद माझ्या हातात दिला. आता आत पुढची तारीख घ्यायला गेली आहे. कागद माझ्या मांडीवर आहे, घडी घातलेला. ती आली की तिच्यासमोर उघडीन, ती म्हणाली तर.

निघताना ह्यांनी फोन ऐकला होता. हे चपला घालून दारात तयार उभे होते. "थांब, मीही येतो."

मी म्हटलं, "नको. तिने मला बोलावलंय."